धडधडीचं गाऱ्हाणं

आई वारली आणि तेव्हापासून गिरणीचा भोंगा वाजला की माझी छाती धडधडू लागे. जेवण जाईना, झोप लागेना. लालबागच्या आमच्या चाळीच्या नाटकांत दरवर्षी राजा होणारा मी, हे कुणाला सांगणार? गिरणीतल्या कामाला खाडे करून भिंतीकडे तोंड करून पडून राही.

एका संध्याकाळी शेजारच्या मालवणी आजोबांनी मला हाताला धरून गॅलरीत नेलं, सगळी बिऱ्हाडं जमवली आणि नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं.

"ह्या झिलाची आवस गेली. तेका झोप नाय, काळीज धडधडता. ता दूर कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आणि मुंबय महाराष्ट्राक मिळांदे रे म्हाराजा."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस ते; या होकाराला समोरची चाळही बाहेर आली. एकाच नारळात माझी धडधड आणि अख्खी मुंबई. मला हसू फुटलं आणि हसता हसता, आई गेल्यापासून अडलेलं रडूही आलं.

सकाळी भोंग्याला छाती धडधडलीच. नळावरच्या काकूंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, आज कितपत?"

"कालच्याइतकीच."

"मग चहा घे आणि जा कामाला. वाटेत वाढली तर परत ये."

मी गेलो.