आज मी नुसता पाहत राहिलो

मित्रांनो, आज कोणाशी भांडलो नाही, तरी पार दमलोय.

संध्याकाळी इंदिरानगरच्या टपरीवर सायली भेटली. ती तत्त्वज्ञानात एमए करतेय. मी त्याच विषयात दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. तिच्यावर जीव आहे, हे तिला सोडून सगळ्यांना सांगून झालंय.

तेवढ्यात एक बाईकवाला घासून गेला. मी भांडायला उठलोच.

"बस रे," सायली म्हणाली. "राग आलाय हे कळतंय ना तुला? आपला वेदान्त म्हणतो, ज्याला कळतंय तो साक्षी. तो नुसता पाहतो, रागावत नाही."

"आणि तुमचे पाश्चात्त्य काय म्हणतात?"

"बरेच जण म्हणतात, जाणीव हा मेंदूचाच खेळ. वेगळा पाहणारा कोणी नाहीच."

मला आपल्यांचं पटलं. बसलो.

चहा संपवून ती हळूच म्हणाली, "रविवारी मला बघायला येताहेत. हो म्हणू का?"

आतून पेटलो होतो. पण साक्षी झालो. गप्प पाहत राहिलो.

"आज भांडणारही नाहीस?" असं म्हणून ती निघून गेली.

आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून राग आवरला, तोही नको तिथे.

पाहणाऱ्याला काही होत नाही म्हणे. मग मघापासून हे दुखतंय ते कोणाला? ठाऊक असेल तर सांगा. फक्त रविवारच्या आत सांगा.