मच्छिंद्रने वर धरलेला हात

मच्छिंद्रविषयी लिहिण्याइतकं मला ठाऊक आहे का, याची शंकाच आहे. मार्केट यार्डात मी तोलणार, तो हमाल. तो काट्यावर पोतं ठेवायचा, मी वजन सांगायचो, तो उचलून न्यायचा. अशी निम्मी हयात गेली, तरी त्याचं गाव कोणतं हे मी कधी विचारलं नाही. त्याच्या बायकोचं नाव शालन, हेही मला इस्पितळात कळलं.

त्याला आतड्याचा कॅन्सर झाला. औषधाने हाताच्या शिरा जळू नयेत म्हणून डॉक्टरांनी डाव्या खांद्यालगतच्या आडव्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक छोटी डबी बसवली. तिला पोर्ट म्हणतात. डबीची बारीक नळी मोठ्या शिरेतून हृदयाजवळ जाते. सुई डबीत टोचायची. जड उचलायचं नाही, हे बजावलेलं होतं.

हमालांच्या टोळीने त्याला पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं. ते काम आमच्याकडे बायका करतात. टोळी मनाने चांगली, तोंडाने फटकळ. "मच्छिंद्रवैनी, माझ्या सदऱ्यालाबी एक टाका घाला की!" असं कुणी म्हणालं की तो हसायचा आणि मान खाली घालायचा.

मी निवृत्त झालो होतो, पण सवयीने यार्डातल्या दुकानात जाऊन बसत असे. एका सकाळी ट्रक खाली करताना एक गडी कमी पडला. मच्छिंद्र उठला. तांदळाचं पोतं डाव्या खांद्यावर घेतलं, मग दुसरं, मग आणखी. मी "अरे, डॉक्टर..." एवढंच म्हणालो.

"हळू बोला, अण्णा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी औषधाची पाळी होती. मला इंग्रजी येतं असा त्या नवराबायकोचा गैरसमज असल्यामुळे ते मलाही घेऊन गेले.

तनुजा सिस्टरांनी सुई टोचून आधी नुसतं सलाईन ढकललं. जाईना. "काका, हात वर करा." हात वर केला, सलाईन गेलं. हात खाली घेतला, बंद.

"काही जड उचललंत का?"

"न्हाई."

"मग सुई हलली असेल. दुसरी आणते."

"कशाला, बाई? औषध सोडा तुम्ही. मी हात वर धरून बसतो. सांजच्यापातूर धरतो."

आणि खरंच तो हात ताठ वर धरून बसला, उत्तर येणाऱ्या शाळकरी मुलासारखा. शेजारच्या खाटांवरचे लोक बघू लागले. "धरतील ते, सवय हाय," शालनताई कौतुकाने म्हणाल्या. चारचौघांत बोलायला मी फार भितो. सिस्टर नव्या सुईचं पाकीट फोडायला लागल्या तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "काल याने पोती उचलली."

हात हळूहळू खाली आला. तो ना माझ्याकडे पाहत होता, ना बायकोकडे. स्वतःच्या चपलांकडे पाहत होता.

"आन् तुमी बगत व्हता?" शालनताईंनी मला विचारलं.

त्या दिवशी औषध दिलं नाही. एक्स-रेमध्ये नळी आडवं हाड आणि बरगडी यांच्यामध्ये दबलेली दिसली. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, अशी नळी घासून तुटली तर तुकडा हृदयात जातो, मग जांघेच्या शिरेतून तार घालून तो पकडून काढावा लागतो. औषध बाहेर गळलं तर आतलं मांस जळतं, ते वेगळंच. अखंड आहे तोवर काढू. जुना पोर्ट काढून त्यांनी उजवीकडे नवा बसवला. त्याची नळी मानेच्या शिरेतून घातली, तिथे हाडाचा चिमटा बसत नाही.

मच्छिंद्र यार्डात पुन्हा आला नाही. टोळीतले दोघं बोलवायला गेले, तर "झोपलेत म्हन" असं त्याने आतून बायकोला सांगितलेलं त्यांना ऐकू आलं. पुढे तो वाघोलीला मुलाकडे राहायला गेला. नवा पोर्ट शेवटपर्यंत नीट चालला. आजार मात्र पसरला, आणि उन्हाळ्यात तो गेला.

त्याआधी, दिवाळीच्या सुमारास, मी एकदा भेटून आलो. जायला मलाच धीर होत नव्हता. सदऱ्याची बटणं त्याने गळ्यापर्यंत लावली होती. आम्ही टीव्हीवर बातम्या पाहिल्या. त्या दिवसाचा विषय कुणीच काढला नाही. निघताना सुनेने शेंगांची पिशवी दारात आणून ठेवली. मच्छिंद्र सवयीने वाकला आणि तसाच सरळ झाला.

"तुमीच उचला, अण्णा."

"जड नाही रे."

"तरी बी."

"बरं. येतो मग."

"बस कोपऱ्यावर थांबती," तो म्हणाला. "पळू नका."