वेशीबाहेरचा कंदीलवाला

एलिया कंडक्टरला गोष्टीच्या पुस्तकांचा राग होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटायचं, म्हातारा पहिल्यापासून पुस्तकवेडा. कुठलं काय! उभी हयात पाथर्डी आगाराच्या गाड्यांत तिकिटं फाडण्यात गेली. घरात पुस्तकं म्हणाल तर शास्त्र, म्हणजे बायबल, आणि गीतांचं पुस्तक; बाकीचा सगळा कागद शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला. मुलगा रॉबिन जाडजूड कादंबऱ्या छातीवर घेऊन लोळायचा, तेव्हा एलिया म्हणायचा, एवढ्या वाचनात पोरगं तलाठी झालं असतं. आता त्याच कादंबऱ्या एलियाच्या मांडीवर असतात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि पानापानांत खुणेला जुनी एस्टीची तिकिटं.

रॉबिन गेला त्याला चार वर्षं झाली. गेला म्हणजे मेला नव्हे. सगळा वाद तिथंच आहे. नगरला एका औषधाच्या दुकानात कामाला होता. रोजच्यासारखा डबा घेऊन सकाळच्या गाडीनं गेला आणि माळीवाड्याच्या स्टँडवर उतरला. हे त्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं, आणि कंडक्टर माणूस प्रवाशाबद्दल खोटं बोलत नाही असं एलियाचं ठाम मत. त्यापुढं काहीच नाही. फोन बंद. घरात ना भांडण, ना तंटा. पोलीस म्हणाले, जाणता मुलगा आहे, येईल. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? कुणी म्हणालं पोरीपायी गेला, कुणी म्हणालं आखातात गेला, कुणाच्या पाहुण्यानं म्हणे त्याला नाशकाकडं एका मठात झाडलोट करताना पाहिला. ज्यानं विहिरीचं नाव काढलं, त्याला एलियानं पुन्हा ओट्यावर बसू दिलं नाही.

रॉबिनची मैत्रीण धनश्री त्याच्याबरोबर नगरला कॉलेजात होती. पोरगी गुणाची, रॉबिन गेल्यावर सगळे चार दिवस हळहळले आणि आपापल्या कामाला लागले, ही मात्र अजून येते. तिनंच एकदा मोबाईल पुढं केला. रॉबिन वाचायचा त्या ‘निळी वेस’ कादंबरीच्या वाचकांचा एक ग्रुप होता, आणि त्यात रॉबिननं जायच्या आधी थोडेच दिवस काही लिहिलं होतं. एलियाला आधी कादंबरीच समजावून सांगावी लागली. निळ्या वेशीचं एक नगर, त्यात शापित नदी, पंखांची घोडी, राजांच्या लढाया. या सगळ्या धुमाळीत, तोवर निघालेल्या चारही भागांत एकेकदा, वेशीच्या बाहेर, एक माणूस विझलेला कंदील घेऊन उभा दिसतो. आत येत नाही, कुणाशी बोलत नाही, पहारेकरीही त्याला हटकत नाहीत. तो कोण, कशाला उभा आहे, हे लेखक सांगत नाही. झालं! त्या एकट्या माणसावर ग्रुपमध्ये नुसती रणं. कुणी म्हणे परागंदा राजा, कुणी म्हणे साक्षात काळ. पुष्कळांचं म्हणणं, तो कधीचाच मेलेला पहारेकरी आहे, म्हणून तर त्याच्याशी कुणी बोलत नाही.

आणि रॉबिननं लिहिलं होतं, ‘तो मेलेला नाही. त्याला घर ठाऊक आहे. पाचव्या भागात तो वेशीतून आत येणार. लावा पैज.’

एलियानं ते तीनदा वाचून घेतलं. मग चष्मा पुसला आणि घरात जाऊन पहिला भाग घेऊन आला.

इथं त्याची चूक झाली, पण ती चूक एलियासारखा माणूसच करू जाणे. लहानपणी मिशनच्या रविवारच्या शाळेत त्याला शिकवलं होतं, की शास्त्रात एक शब्दही फुकटचा नाही. इथं कोडं पडलं तर पुढं कुठंतरी त्याचा उलगडा असतो. शोधणाऱ्यानं धीर धरावा. शास्त्र वाचायची हीच एक रीत त्याला ठाऊक, आणि त्याच रीतीनं त्यानं पंखांच्या घोड्यांची कादंबरी वाचायला घेतली. दुसऱ्या भागात थंडीत कंदीलवाल्याच्या तोंडातून वाफ निघते; घातलं तिकीट. मेलेला श्वास घेत नाही. तिसऱ्यात त्याच्या पायाला ओला चिखल आहे, घातलं तिकीट. चौथ्यात वेशीवरचं कुत्रं त्याच्याकडं बघून शेपूट हलवतं, तेव्हा तर एलियानं मांडीवर थाप मारली. भुतावर कुत्रं भुंकेल, शेपूट कशाला हलवेल? धनश्री त्याचे हे पुरावे ग्रुपवर टाकायची. तिथली शहरातली पोरं त्याला कंडक्टरकाका म्हणू लागली, आणि मेल्याच्या बाजूची दोन-चार पोरं फुटून जित्याच्या बाजूला आलीसुद्धा.

त्याची बायको मरिया हे सगळं चुलीपाशी बसून ऐकायची. ती हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. रॉबिनचं नाव तिनं दुसऱ्या वर्षापासून तोंडातून काढलं नव्हतं. एकदाच म्हणाली होती, “तुमी शोधा. माज्यात आता बळ न्हाई.”

नाव घेण्यावरून आठवलं. त्यांच्या मंडळीत, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती देवळात, एक रीत आहे. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन श्रीगोंद्याकडं, सांगली-कोल्हापूरकडं ऊस तोडायला जातं. मागं उरतात म्हातारी आणि शाळेची पोरं. मग दर रविवारी उपासनेत पाळकसाहेब थांबतात आणि ज्याचं माणूस बाहेर आहे त्यानं जागेवर उभं राहून नाव घ्यायचं. बाकीच्यांनी म्हणायचं, ‘प्रभू, सांभाळ.’ जो देवाघरी गेला त्याचं नाव यात घ्यायचं नसतं. हे फक्त घरी यायच्या माणसांसाठी. पौषात नावं संपता संपत नाहीत. गुढीपाडव्यानंतर तोडणीच्या टोळ्यांचे ट्रक गावात येऊ लागतात, तशी नावं गळत जातात. चार उन्हाळे असे गेले, की शेवटी एकटा एलिया उठायचा, ‘रॉबिन’ म्हणायचा आणि भरलेलं देऊळ म्हणायचं, ‘प्रभू, सांभाळ.’ लोक काय समजायचं ते समजत होते. एकदा पाळकसाहेबांनी बाजूला घेऊन हळूच विचारलंही, की एलियादादा, मनाला किती दिवस असं टांगून ठेवायचं? एलिया म्हणाला, पाचवा भाग येऊ द्या. पाळकसाहेबांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

या वर्षी ऊसतोडीची माणसं परतत असतानाच पाचवा भाग आला. धनश्रीनं आणून दिला. एलियानं तो जेवण-पाणी सोडून वाचला. वेस पडली, पुन्हा उभी राहिली, राजा गादीवर बसला, नदीचा शापही उतरला. कंदीलवाला नव्हता. मेला असंही नाही, आला असंही नाही. त्याचा उल्लेखच नव्हता. आपल्या हातून पान सुटलं असेल म्हणून त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग पानांचे आकडे तपासले, छापखान्यानं एखादं पान गाळलं असेल म्हणून. एकही पान गाळलेलं नव्हतं.

नगरच्या पुस्तक प्रदर्शनात लेखक येणार होते. एलिया इस्त्रीचा सदरा घालून धनश्रीबरोबर गेला. रांगेत सगळी कॉलेजातली पोरं, मधे हा एकच टोपीवाला म्हातारा, बगलेत पाच भाग. लेखक माणूस हसतमुख होता, उगाच नावं कशाला ठेवा. सह्या करून हात दुखला असेल, तरी त्यानं एलियाला खुर्ची द्यायला लावली.

“साहेब,” एलिया म्हणाला, “वेशीभाईर कंदील घेऊन उभा ऱ्हातो, त्यो मानूस. त्याचं पुढं काय झालं?”

लेखकानं कपाळाला हात लावला. “काका, खरं सांगू? पाचव्या भागात त्याला आणायचं राहूनच गेलं. पसारा इतका वाढला होता की माझ्या लक्षातच आलं नाही.”

“पन त्यो हाय कोन?”

“मलाही नाही ठाऊक. पहिल्या भागात वेस फार ओकीबोकी वाटत होती, म्हणून एक माणूस उभा केला. मग सवयीनं येत गेला. तुम्हाला जो वाटतो, तो तो आहे असं समजा.”

एलिया पुस्तकं कवटाळून बसून राहिला. मागची रांग चुळबुळायला लागली.

“जिता हाय का मेला, येवढं तरी सांगा.”

“तुम्ही म्हणाल तसं, काका.”

“म्या म्हनून काय हुतंय, साहेब,” एलिया म्हणाला आणि उठला. धनश्रीनं तोंड फिरवून डोळे पुसले. लेखक बिचारा सही करायला पुस्तक मागत होता, पण एलियानं काही ते दिलं नाही.

घरी आल्यावर मरियानं पाणी दिलं आणि विचारलं, काय म्हणाले? एलिया म्हणाला, त्याला ठाऊक न्हाई.

“लिवनाऱ्यालाबी?”

“व्हय. इसरलो म्हनला.”

मरिया तांब्या घेऊन तिथंच उभी राहिली. एलियाचं सगळं बळ एवढ्यावर होतं हो, की लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. तो लपवील, उशीर लावील, जीव खाईल, पण त्याला ठाऊक असतं. कुणी कुणाला वाऱ्यावर उभं करून विसरून जाईल, आणि तेही मनात काही वाईट नसताना, हे एलियाच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी शेवटची टोळीही गावात आलेली होती. देऊळ माणसांनी गच्च, बायांच्या अंगावर नवी लुगडी, पोरं आईबापाला चिकटून. पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. ते म्हणाले, प्रभूची दया, आपलं एकूण एक माणूस सुखरूप घरी आलं. चला, आभाराचं गीत गाऊ. पेटी वाजली. एलिया नाव घ्यायला अर्धा उठलेला होता, तो तसाच राहिला, एक हात बाकावर टेकून. आजूबाजूचे सगळे गायला उभे राहिले, त्यात तो उठलाय हे कुणाला कळलंही नाही. त्याचा राग कुणावर धरायचा? पाळकसाहेब भला माणूस. उपासना झाल्यावर ध्यानात येईल, धावत येतील, हात धरून म्हणतील, एलियादादा, राहूनच गेलं हो. एलियाला ते आत्ताच ऐकू येत होतं.

तो खाली बसला. गाणाऱ्या माणसांच्या पाठी तेवढ्या त्याला दिसत होत्या.

मरिया बायकांच्या बाजूनं मधली वाट ओलांडून आली. असं ती उभ्या जन्मात कधी आली नव्हती. त्याच्याशेजारी उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि इतकी वर्षं न काढलेलं नाव मोठ्यानं घेतलं.

“रॉबिन.”

गाणं भरात होतं, कुणाला ऐकू गेलं नाही. ‘प्रभू, सांभाळ’ म्हणायला तिथं एकटा एलियाच होता, आणि त्याचा आवाज फुटेना. मरिया त्याच्याकडं बघत वाट पाहत राहिली.