चार हातांची बाज

माझं माहेर पिंपळवंडी, सासर निमगाव सावा. अंतर ते किती! पण माहेरचा हात सासरच्या हातापेक्षा लांब आहे, हे कळायला मला लग्नानंतर बरीच वर्षं लागली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आई गेल्यावर वडील एकटेच राहत. मंचरला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डोळ्यात औषध घालायला कुणीतरी हवं, म्हणून मी हट्टानं त्यांना आमच्याकडे आणायचं ठरवलं. लेकीच्या घरी पाणी प्यायलाही अवघडणारा माणूस. काही निमित्त मिळालं की उठून जाणार, याची मला धास्तीच होती.

सासूबाईंनी त्यांच्यासाठी नवी बाज करायला घेतली. "पावण्यांना केवढी लागंल गं?"

"चार हात," मी म्हणाले.

त्यांनी तेवढी काठी मोजून सुताराकडे धाडली. माझ्या माहेरी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात धरतात. सासूबाईंनी सासरच्या रीतीनं, मूठ मिटून धरला. घरात टेप होता, पण तो काढणार कोण!

वडील आले, बाजेवर आडवे झाले, आणि घोट्यांच्या वरपर्यंत पाय बाहेर. सकाळी बघते तर पिशवी भरून ओट्यावर बसलेले.

"बाय, मी जातो. माजी जागा हितं न्हाई. बाज बी तेच म्हनती."

मला रडूच फुटलं. रागही आला, त्यांचा आणि त्या मेल्या बाजेचाही.

सासूबाई बाहेर आल्या. "पावणं, पिशवी ठिवा खाली. बाज आखूड झाली, घर न्हाई." मग लांब काठी त्यांच्यापुढे टाकली. "तुमच्या हातानं मोजा."

वडिलांनी कोपर टेकवून बोटं ताणली. सासूबाई कोळशानं खुणा करत गेल्या. बाज नव्यानं झाली आणि वडील बरे होईस्तोवर राहिले. पुढे दर उन्हाळ्यात यायचे. "बाज बघायला आलो," म्हणायचे.

वडील गेले त्यानंतर काही महिन्यांनी मला धाकटी झाली. पाळण्याची दोरी मोजायला सासूबाई बसल्या. सवयीनं मूठ मिटली, माझ्याकडे पाहिलं आणि बोटं सरळ केली.

"पावण्यांच्या हातानं मोजते," म्हणाल्या.

दोरी लांब झाली, पाळणा जरा खालीच आला. मी तो तसाच राहू दिला.