एक उन्हाळा काढलेला कूलर

माझी थोरली बहीण आक्का कुठलीही वस्तू घ्यायची झाली, की दुकानात सगळ्यात शेवटी जाते. आधी ती वस्तू ज्याच्या घरी आहे त्याच्याकडे जाते. तेही न कळवता, आणि शक्यतो मे महिन्यात भर दुपारी. फ्रिज घेताना ती अशीच नणंदेकडे जाऊन थडकली आणि पाणीसुद्धा न पिता फ्रिजच्या पाठीमागं हात घालून उभी राहिली. "दुकानातली वस्तू म्हंजे मुलगी बघायला आल्याला नवरदेव," ती म्हणते. "त्या दिवशी समदेच गुणाचे. एक उन्हाळा काढू दे, मग बोलू." माझ्या बायकोलाही तिनं असंच भर उन्हात अचानक जाऊन पसंत केलं होतं. मला तपासायची अशी सोय सासरच्यांना मिळाली नाही, याबद्दल घरात अधूनमधून हळहळ व्यक्त होते.

आक्का दिलेली कुंडलच्या अलीकडच्या एका गावात. दाजी फौजेतून निवृत्त होऊन ऊस बघतात, आणि आक्का पन्नाशीत कॉम्प्युटर शिकून लग्नांचे व्हिडिओ जोडते. पुढं जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान मोबाइलवर थेट दाखवायचं कामही तिनं अंगावर घेतलं. तीन-चार कॅमेरे एका कॉम्प्युटरनं सांभाळायचे म्हणजे त्याला दम हवा. नवा घेण्याऐवजी तिनं आहे त्याच प्रोसेसरला कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला लावलं. याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. मी साताऱ्यात ऑफिसात कॉम्प्युटरवरच बसतो, पण तो पळवायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

जास्त पळणारं जास्त तापतं, आणि फारच तापलं की कॉम्प्युटर स्वतःला वाचवायला बंद होतो. गेल्या वर्षी तो नेमका शेवटच्या, मानाच्या कुस्तीत बंद झाला. गावातली पुष्कळ पोरं फौजेत. ती कुठं कुठं बर्फात, वाळूत मोबाइल धरून बसलेली. नंतर आक्काला फोनवर फोन आले. शिवी एकानंही दिली नाही. "काकी, रजा मिळाली न्हाई म्हणून तुमच्यावर भरवसा ठेवला हुता," एवढंच म्हणायची. आक्का म्हणाली, शिव्या परवडल्या असत्या.

यंदा जत्रा कमिटीनं तिला आणखी एकदाच संधी दिली. सांगलीचा एक स्टुडिओवाला ते काम घ्यायला टपलेला होताच. कॉम्प्युटरमधला छोटा लिक्विड कूलर पुरत नव्हता, मोठा बसवायचं ठरलं, आणि सल्ल्यासाठी मी गेलो. बोलावलं कुणी नव्हतं. मीच इंटरनेटवर वाचून वाचून तज्ज्ञ होऊन बसलो होतो. लिक्विड कूलरचं तत्त्व सोपं आहे. प्रोसेसरच्या डोक्यावर पंप असतो, तो तापलेलं पाणी नळीतून रेडिएटरकडे ढकलतो, आणि तिथं पंखे ते निववतात. मी पसंत केलेल्या कूलरच्या पंपावर चिमुकला पडदा होता. त्यावर हवा तो फोटो लावता यायचा. मी औंधच्या यमाईचा फोटो सुचवला.

"देवीला वर बसवायची आन् बुडाखाली भट्टी पेटवायची?" आक्का म्हणाली.

दाजींनी प्रोसेसरचा वेगच कमी करायचा तोडगा काढला. आक्कानं तो एका नजरेत फेटाळला. वेग कमी केला तर एकच कॅमेरा चालणार, आणि एकाच कॅमेऱ्यावर कुस्ती दाखवायची तर पैलवानाचे पाय दिसले की डोकं दिसत नाही, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही सांगलीतल्या एका गेमिंग कॅफेत हजर. माझा पडदेवाला कूलर तिथं एका कॉम्प्युटरला होता. शेजारच्याला एक काळा, धिप्पाड, बिनदिव्यांचा. आक्कानं पदर सावरत मालकाला एसी बंद करायला सांगितला. खेळणारी पोरं कुरकुरली, तेव्हा म्हणाली, "आमच्या मैदानावर एसी न्हाई बाळांनो. जरा घाम येऊ द्या, कूलरची परीक्षा हाय." मालकानं हसत एसी बंद केला. दोन्ही कॉम्प्युटरना सारखंच काम लावलं आणि आक्का मधोमध स्टूल टाकून बसली. माझ्या उमेदवाराचे पंखे बघता बघता केकाटायला लागले आणि पडद्यावर तापमानाचा आकडा नव्वदच्या वर चढला. आकडा दिसत मात्र फार सुबक होता. काळा कूलर सावकाश तापला आणि मग एका जागी ठाण मांडून बसला. आक्का म्हणाली, "ह्यो बोलत न्हाई, ह्यो घ्यायचा."

घरी आणल्यावर कळलं, की तो कॉम्प्युटरच्या डब्यात मावत नाही. सगळं मोजून घ्यायचं काम तेवढं माझ्याकडे होतं. दाजी उठले. करवत आणली, डब्याच्या पुढचा पत्रा कापला आणि रेडिएटर असा बसवला की त्याला बाहेरची हवा थेट मिळावी.

जत्रेदिवशी मैदानाशेजारी कॉम्प्युटर मांडलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये अंगाची लाही होत होती. मानाची कुस्ती लागली आणि काही केल्या सुटेना. आक्काची नजर कॉम्प्युटरवरच्या तापमानाच्या आकड्यावर. तो ऐंशीला आला, थोडा पुढं सरकला आणि थांबला. हलगी टिपेला पोचली, आकडा जागचा हलला नाही. मग मैदानात जो गलका उठला, त्यानं शेडचे पत्रे थरथरले. लोक फेटे उडवत होते.

आक्कानं तेव्हा कुठं मान वर केली. "कोन पडलं रं, दत्ता?"

मला कुठं ठाऊक? मीही आकडाच बघत होतो. दाजी तर सबंध वेळ पंख्यांसमोर गर्दी होऊ नये म्हणून मैदानाकडे पाठ करून उभे होते.

तेवढ्यात आक्काचा फोन वाजला. पलीकडं गावचाच एक जवान होता, आवाज फुटेस्तोवर ओरडत होता. "काकी, काय कुस्ती दावलीसा ओ! शेवटपर्यंत बघितली!"

"बघितलीस न्हवं?" आक्का घामानं डबडबलेलं तोंड पदरानं पुसत खुर्चीत रेलून बसली. "मग आता मला सांग. पहिल्या डावापास्नं."