उरलेलं भांडण

व्यायामवर्ग चालू ठेवायचा की नाही, ते संशोधक ताईंच्या अहवालावर ठरणार होतं. ज्येष्ठांच्या त्या केंद्रात बावीस वर्षं खुर्च्या मांडणाऱ्या मावशी धास्तावल्या होत्या.

"गुडघे मोकळे होतात म्हणून म्हातारी मंडळी रोज येतात, असा माझा अंदाज. चुकत असेन तर सांगा," ताई म्हणाल्या.

"गुडघे कसले डोंबलाचे!" मावशींना हसू फुटलं. "मास्तर आणि शिंपीकाका भांडायला येतात, बाकीचे ऐकायला. मी दोघांना शेजारी बसवते आणि भांडण रंगलं की वर्ग सुटल्याची घंटा वाजवते. उरलेलं भांडायला उद्या येतात."

"दुसऱ्या केंद्रात व्यायाम हाच, तरी कुणी टिकत नाही."

"तिथे खुर्च्या कोण मांडतं?"

ताईंनी आपला अंदाज खोडला आणि मावशींचा लिहिला.

वर्ग चालू राहिला, भांडणही.