देवाजीचा ट्रक आणि साहेबांचे नारळ

भिलाईचं सुपेला अजून लांब होतं आणि देवाजीचं तीन माणसांना शिव्या देऊन झालं होतं: पेट्रोलपंपवाला, रात्रपाळीचा ड्रायव्हर आणि सुटे भाग देणारा स्टोअरचा नरहरी. चौथा सापडेना म्हणून तो गप्प झाला, तेव्हा सिंधुताईंनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"देवाजीभाऊ, मशीन बिघडली की तुम्ही आधी माणूसच का शोधता?"

"मशीन लबाडी करते का ताई? माणूसच करते."

सेक्टर दोनच्या बायकांना रविवारी दुर्गच्या बाजाराला नेणारा त्याचा ट्रक महायुद्धातून उरलेला होता. परतताना तो गचके देत देत एका बाभळीखाली बसला. बाकीच्या बाया मागून आलेल्या बसमध्ये घुसल्या. सिंधुताईंना ती रेटारेटी जमली नाही, त्या पायी निघाल्या. देवाजीनं इंजिनातली करंट वाटायची टोपी काढली, न पाहताच रुमालात बांधली आणि तोही निघाला. टोपी नकली आहे, ती नरहरीच्या टेबलावर आपटायची, एवढंच त्याच्या डोक्यात.

देवाजी भंडाऱ्याकडचा. पोलाद कारखान्याची पहिली खडी मीच टाकली, असं तो सांगे. असं सांगणारे भिलाईत पुष्कळ होते, पण देवाजी तारखेसकट सांगे, आणि दर वेळी तारीख वेगळी.

तीन आठवडे ट्रक मिसिंग करत होता, मधले ठोके चुकवत होता. चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढून त्यानं कान देऊन ऐकलं. चारांपैकी कुठलीही वायर काढली की आवाज पडे, उरलेल्या दोन काढल्या तरी ढिम्म. म्हणजे सहातले दोन सिलिंडर बसून पगार खात होते. त्यानं प्लग आलटूनपालटून लावले, तरी मेलेले तेच दोन. हे त्यानं वाहतूक खात्याच्या बाबाराव साहेबांना सांगितलं. साहेबांनी ट्रक दुरुस्त न करता तो तपासायला समिती नेमली. समिती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होती. इंजिनानं गचका दिला की ट्रक मोडीत, आणि ट्रकापुरताच नेमलेला देवाजी घरी.

दोघं पुलियाच्या कठड्यावर टेकले. एवढ्यात देवाजी ओरडला. रुमालातून मुंग्या निघून मनगटाला डसत होत्या.

"गोडाशिवाय मुंग्या येत नाहीत," सिंधुताई म्हणाल्या. त्यांनी टोपी घेतली, नाकाशी नेली. आत चिकट राप होता. खाचेत खोबऱ्याचा तुकडा अडकलेला. आणि एका पितळी टोकापासून शेजारच्या टोकापर्यंत केसासारखी काळी रेघ.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तीन आठवड्यांपूर्वी विश्वकर्मापूजेला बाबाराव साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं होतं. "वरवरची पूजा काय कामाची? तीर्थ थेट इंजिनाला पोचलं पाहिजे!" असं म्हणत त्यांनी पाच नारळ आत फोडले होते, उत्पादन वाढावं म्हणून. आरतीचं ताट सिंधुताईंच्याच हातात होतं.

"आता समजलं!" देवाजी म्हणाला. "नारळाचं पानी आत जळून रेघ पडली. करंट या रेघेवरून शेजाऱ्याच्या घरी जाऊन राहिला, आन् हे दोघं उपाशी."

दोघं आल्या वाटेनं परत गेले. देवाजीनं ब्लेडनं रेघ खरवडली, पेट्रोलनं टोपी पुसली, फुंकली, बसवली. इंजिन सुरू झालं ते सहाही सिलिंडर एका सुरात. सिंधुताईंनी पदराआड हात जोडले.

"पाहा, नरहरीवर उगाच आळ घेतला तुम्ही."

"त्याच्यावर मागचे आळ बाकी हायत. चालते."

मैलभर ट्रक मजेत धावला. मग देवाजीचा चेहराच उतरला.

"आता काय झालं?"

"दसरा, ताई. ट्रक आजारी हाय म्हणून साहेबानं या खेपेले अकरा नारळ सांगितले."

"मग तुम्ही बॉनेट धरून बसा."

"मी कुठं असन? दसऱ्याले आमी दीक्षाभूमीवर, नागपूरले. आन् असलो तरी, नारळ आवरा म्हणलो का साहेब म्हणन, देवाजीनं देव सोडला, आता ट्रकालेबी सोडायले लावते."

"खरं काय ते सांगून टाका."

"साहेबाच्या नारळानं साहेबाचा ट्रक मेला, हे? समितीबी त्याच साहेबाची."

सेक्टर दोनचं वळण आलं तशी देवाजीनं गाडी हळू केली.

"साहेब तुमचं ऐकते ताई, आरती तुमीच म्हणता. नारळ फुडच्या चाकापाशी फोडाव, इंजिनात फोडू नाई, असं शास्त्रात हाय म्हणा."

"असं कुठल्या शास्त्रात आहे?"

"इंजिनात फोडाव, असं तरी कोणत्या शास्त्रात हाय?" त्यानं ब्रेक लावला. "एवढं म्हणा ना ताई. देवाचं नाव घ्या, माझं तेवढं घेऊ नका."